वेगाला वेगळे पैसे

पुण्यात किंवा सांगली-कोल्हापुरात १९६५ च्या सुमारास एखादा कॉलेजातला मुलगा सायकलच्या दुकानात शिरला आणि ‘रेसची सायकल दाखवा’ म्हणाला, तर दुकानदार त्याला काळी सायकलच दाखवणार. ॲटलास, हिरो, हर्क्युलिस, फिलिप्स, रॅले अशी पाच नावे आणि सायकल मात्र एकच. २८ इंची चाके, दीड इंच रुंदीचे टायर, लोखंडी सळयांचे ब्रेक, साखळीवर पत्र्याचे कव्हर, मागे गव्हाचे पोते सहज पेलेल असा कॅरियर, खाली दणकट स्टँड आणि स्प्रिंगांवर बसवलेली कातडी सीट. वजन वीस किलोच्या घरात. रंग काळा, फार तर हिरवा. गिऱ्हाइकाला निवड करायची असे ती एवढीच, की फ्रेम २२ इंची घ्यायची की २४ इंची.

त्या मुलाच्या डोळ्यांसमोर वेगळेच काहीतरी असे. खाली वळलेले हँडल, बोटाएवढे टायर, एका हाताने उचलता येईल अशी फ्रेम. असली सायकल त्याने एखाद्या परदेशी मासिकात पाहिलेली असायची, किंवा मुंबई-पुणे शर्यतीत डोळ्यांसमोरून सुर्रकन जाताना. दुकानात ती नसे, आणि कुठे मागवून मिळालीच तरी तिच्या किमतीत काळ्या सायकली दोन-चार येत.

याचे कारण शोधायला लागले की गोष्ट फक्त गरिबीपाशी थांबत नाही. भारतात सायकल स्वस्त झाली ती ओझे वाहण्यासाठी. दूधवाल्याच्या कॅनसाठी, पोस्टमनच्या थैलीसाठी, डबेवाल्यांच्या डब्यांसाठी, बायकोला मागे आणि पोराला नळीवर बसवून जत्रेला जाण्यासाठी. वेगासाठीही ती स्वस्त असावी, असे ना सरकारला वाटले ना कारखानदारांना. त्यामुळे कमी पैशात पहिली ‘रेसर’ घेण्याचा आपल्याकडचा इतिहास हा बराचसा ती न मिळण्याचा आणि मग घरच्या घरी घडवण्याचा इतिहास आहे.

काळ्या सायकलचे माहेर इंग्लंडात. जॉन केम्प स्टार्ली याने कॉव्हेंट्रीत १८८५ मध्ये ‘रोव्हर’ बाजारात आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी आणि साखळीने फिरणारे मागचे चाक, हा सायकलचा आजचा नकाशा तिच्यामुळे रूढ झाला. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टला जॉन बॉइड डनलप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्या दिवसांत रस्त्यावरची सायकल आणि शर्यतीची सायकल यांत फार अंतर नव्हते, आणि स्वस्त तर दोन्ही नव्हत्या. अमेरिकेत १८९० च्या दशकात चांगल्या सायकलची किंमत १०० डॉलर हे जणू ठरूनच गेले होते. कामगाराने काही महिने राबावे तेव्हा एवढे पैसे हातात येत.

पुढे मालाचा सुकाळ झाला, किमती उतरल्या आणि वाटा फुटल्या. रायफली बनवणारी बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे आपली बी.एस.ए., सायकलींचे भाग आणि सायकली बनवू लागली. फ्रँक बोडेनने नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरचा छोटा कारखाना विकत घेऊन रॅले उभी केली. १९१० मध्ये बर्मिंगहॅममधल्या क्रेन बंधूंनी हर्क्युलिस काढली ती मुळी स्वस्त सायकल विकण्याच्या इराद्यानेच. या मंडळींनी साध्या माणसासाठी जी रोडस्टर पक्की केली तिच्या प्रत्येक भागामागे हिशेब होता. रस्ते खराब, म्हणून फ्रेमचे कोन पसरट आणि चाकांमध्ये अंतर जास्त. खड्ड्यातला दणका कमरेपर्यंत पोचता पोचता बोथट व्हावा. चिखल-पाऊस नेहमीचा, म्हणून साखळी झाकलेली. केबल गंजते, म्हणून ब्रेकला सळया. कुशल कारागीर जवळ असेलच असे नाही, म्हणून गिअरची भानगडच नको. अशा सायकलला मुंबईच्या बंदरात उतरवले काय आणि मोम्बासाच्या बंदरात उतरवले काय, ती चालणारच.

त्याच इंग्लंडातला सायकल क्लबचा कामगार मात्र दुसरीच सायकल चालवत होता. आठवडाभर त्याच सायकलवरून कारखान्यात जायचे, शनिवारी मडगार्ड आणि दिवे उतरवायचे, रविवारी पहाटे घड्याळ लावून पंचवीस किंवा पन्नास मैलांची शर्यत मारायची. तिला एकच गिअर असे, पुष्कळदा फ्रीव्हीलसुद्धा नसे. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. पण फ्रेम हलकी, एखाद्या छोट्या कारागिराने हाताने जोडलेली. रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये ‘५३१’ नावाची पोलादी नळी काढली. ती टोकांना, जिथे जोड येतो तिथे, जाड आणि मधल्या भागात पातळ असे. मजबुती ठेवून वजन कमी करण्याची ही युक्ती पुढची चाळीस वर्षे चांगल्या रेसर सायकलची ओळख ठरली. क्लब, हप्ते आणि गल्लीतला फ्रेम जोडणारा कारागीर, या तिन्हींमुळे इंग्लंडातल्या कामगाराला वेग परवडू लागला. भारताकडे निघणाऱ्या जहाजांत या सायकली क्वचितच चढल्या. चढल्या त्या रोडस्टर. १९३० च्या दशकात जपानी सायकली त्यांच्याहून स्वस्तात येऊ लागल्या, पण त्याही त्याच वळणाच्या.

रोडस्टरवर काय करता येते हे मुंबईच्या पारशी तरुणांनी जगाला दाखवले होते. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा जण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सायकलींवर निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे पृथ्वीला वळसा घालून मार्च १९२८ मध्ये परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटरचा पल्ला! इराण, सिरिया, सिनाईचे वाळवंट, आल्प्स, अमेरिका, जपान, चीन. त्यांच्या सायकलींना वेगाचे सोयरसुतक नव्हते आणि त्यांनाही नव्हते. वाटेत मोडू नये आणि मोडलीच तर लोहाराकडे दुरुस्त व्हावी, एवढीच अपेक्षा. त्यांच्यामागे १९२० आणि ३० च्या दशकांत मुंबईतून आणखीही काही पारशी सायकलवीर असेच निघाले.

शर्यतीचे संघटित वेडही मुंबईतच वाढले, आणि त्यातही पारशी पुढे. मुंबईचे सोहराब भूत आणि लाहोरचे जानकीदास यांनी १९४६ मध्ये राष्ट्रीय सायकल महासंघाचा पाया घातला. (जानकीदास म्हणजे पुढे शेकडो हिंदी चित्रपटांत किडकिडीत मुनीम आणि खडूस शेटजी रंगवणारे तेच, १९३८ च्या सिडनीच्या एम्पायर गेम्समध्ये ते सायकलपटू म्हणून उतरले होते, हे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही.) १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला भारताचा सायकल संघ गेला, त्यात रुसी मुल्ला फिरोझ, आदी हवेवाला, रोहिंटन नोबल अशी नावे होती. या खेळाडूंना लागणारी सायकल परदेशातूनच यायची, आणि ती मागवण्याची ऐपत असलेला समाज शहरात मोजकाच होता. डोंबिवलीच्या कारकुनाच्या किंवा परळच्या गिरणी कामगाराच्या मुलाने शर्यतीचे स्वप्न पाहायचे, तर ते काळ्या सायकलवर बसूनच.

देशी कारखाने उभे राहिल्यावर हे बदलेल असे वाटणे साहजिक होते. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर निघाला होता. स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांत आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्स आणि सोनिपतला ॲटलास सुरू झाल्या. फाळणीच्या धामधुमीत पंजाबात स्थिरावलेल्या मुंजाल बंधूंनी लुधियानात सुट्या भागांच्या धंद्यावरून १९५६ मध्ये हिरो सायकलपर्यंत मजल मारली. या धंद्याला संरक्षण मिळाले, परदेशी सायकलींची वाट हळूहळू बंद झाली. सायकल ही गरिबाची गाडी, तेव्हा ती मुबलक आणि स्वस्त हवी, हे धोरण अगदी रास्त होते आणि ते यशस्वीही झाले. १९८६ मध्ये हिरोचे नाव जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेले, ते याच काळ्या सायकलच्या जोरावर.

पण लुधियानाचा चमत्कार होता तो ठरलेल्या मापांचा. हजारो लहान वर्कशॉप, प्रत्येकाकडे एकच वस्तू: कोणी पायडल करणार, कोणी मडगार्ड, कोणी नुसती घंटी. सगळ्यांची मापे एकमेकांशी जुळली पाहिजेत, म्हणजे सायकलचा नमुना बदलता कामा नये. बेळगावच्या सायकलला बीडमध्ये बसेल असा कप-कोन मिळावा ही सोय त्यातून आली, आणि तीस-चाळीस वर्षे नमुना गोठून राहिला तोही त्यातूनच. एखाद्या कारखान्याला हलकी फ्रेम काढायची म्हटली असती, तर पातळ नळी कोण देणार, तिला बसणारे जोड कोण ओतणार, अरुंद रिम कोण वाकवणार? साखळीतल्या प्रत्येकाला नवी डाय करावी लागली असती, आणि हे सगळे कोणासाठी, तर शर्यत मारणाऱ्या चार हौशी पोरांसाठी. हिशेबात बसत नव्हते. मागणी नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून मागणी नाही.

ती काळी सायकल घेणेसुद्धा सोपी गोष्ट नव्हती, हेही सांगायला हवे. सरकारी नोकराला सायकलसाठी पगारातून फेडायचे अग्रिम कर्ज मिळे. लग्नाच्या याद्यांत घड्याळ आणि रेडिओच्या जोडीला सायकल असे. घरात एकच सायकल, ती आधी वडिलांची, मग थोरल्या मुलाची, आणि मुलीच्या वाट्याला आलीच तर शेवटी. नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावायचा, रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडणार, डबलसीट दिसली की दंड. ज्यांना तेही जमत नव्हते ते तासाच्या भाड्याने सायकल आणत आणि तास भरायच्या आत धापा टाकत परत नेऊन लावत. अशा घरात ‘मला रेसची वेगळी सायकल हवी’ असे म्हणण्याची छाती कोणाची होणार?

तेव्हा तो मुलगा घरची सायकल घेऊन मिस्त्रीकडे जाई.

मिस्त्री आधी काढून टाकायच्या गोष्टी काढून टाकी. कॅरियर, स्टँड, दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर, डायनॅमो, घंटी. एवढ्याने तीन-चार किलो सहज उतरत आणि पैसा काहीच पडत नसे. चाकांचा आउट काढायचा, छर्रे धुऊन नवे ग्रीस भरायचे. इथपर्यंत सगळे फुकटात किंवा चहा-बिडीच्या खर्चात.

पुढचे पाऊल हँडलचे. काहीजण आहे तेच हँडल उलटे बसवत. छाती खाली जाई, वारा कमी लागे. पण रोडस्टरचे ब्रेक हँडलला सळयांनी जोडलेले असत. हँडल उलटले की ब्रेक गेले. मग केबलचे ब्रेक हवेत. इथे खरी मेख होती, आणि ती बाहेरून दिसत नसे. सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या बाजूला घासत नाही. ते रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या बाजूने, वर ओढले जाऊन दाबते. त्यामुळे त्या रिमच्या कडा गोलसर असतात. केबलच्या ब्रेकला मात्र चिमट्यासारखे दोन्ही बाजूंनी धरायचे असते, त्याला सपाट कडा लागतात. म्हणजे ब्रेक बदलायचा तर रिम बदलायला हवी. रिम बदलायची तर सगळ्या तारा उसवून चाक नव्याने विणायचे. त्यातही पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, ही जुनी इंग्रजी रीत. नव्या रिमची भोके हबशी जुळली पाहिजेत. हँडल बदलायला निघालेला मुलगा असा एकेक करत दोन चाकांच्या खर्चात येऊन पडे. बहुतेकजण मग पुढच्या चाकाला कसाबसा एक ब्रेक बसवून भागवत. काहीजण तर तेवढेही करत नसत. चपलेचा तळवा टायरवर दाबला की झाले.

जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स सायकलची फ्रेम हाती लागणे म्हणजे लॉटरी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी भंगाराच्या ढिगांतून असा शोध घेणारे असत. २६ इंची, पातळ टायरची, केबल ब्रेकची रॅले किंवा बी.एस.ए. मिळाली, तर अर्धे काम झालेले असे. फ्रेम हा एकच भाग असा, की तो मिस्त्रीला सुधारता येत नसे. रोडस्टरची सीटची नळी जमिनीशी ६६-६८ अंशांत कललेली असते, रेसरची ७२-७३ अंशांत. सहा अंश कागदावर काहीच वाटत नाहीत. पण त्यामुळे स्वार पायडलच्या मागे बसतो की पायडलवर, हे ठरते. घाट आला की मांड्यांना ते लगेच कळते.

घाट म्हणजे बोरघाट. मुंबई-पुणे शर्यतीचा कस तिथे लागतो आणि सर्वांत आधी वर पोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. पुष्कळांना अख्ख्या शर्यतीच्या निकालापेक्षा त्याचीच मातब्बरी जास्त वाटते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास चढण. एक गिअरच्या सायकलवाल्याला शर्यतीआधी ठरवावे लागे, की सपाटीवर वेग हवा की घाटात दम. पुढे ४४ दातांची चकती आणि मागे १८ दातांचे फ्रीव्हील असले, तर २८ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेरीत साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मागे १६ दातांचे फ्रीव्हील टाकले की तेच अंतर सहा मीटरांच्या वर जाते. पनवेलपर्यंत तो मुलगा वाऱ्यावर स्वार. खोपोली सोडल्यावर मात्र तेच दोन दात प्रत्येक वळणावर वसूल होत. आजच्या साध्या गिअरवाल्या रोड बाइकवर त्याच घाटात एका फेरीला अडीच मीटर एवढाही हलका गिअर लावता येतो. त्या काळच्या घाटाच्या राजांचा मोठेपणा सांगायला याहून वेगळे विशेषण शोधण्याची गरज नाही.

गिअर तोवर जगात कधीच रुळले होते. युरोपात साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हौशी भटक्यांमध्ये प्रचलित होता. ‘टूर द फ्रान्स’च्या आयोजकांनी मात्र तो १९३७ पर्यंत शर्यतीत येऊ दिला नाही. महायुद्धानंतर फ्रान्समध्ये ‘अर्धी रेस’ म्हणावी अशा सायकलींची एक जातच निघाली. पोलाद साधे, भाग स्वस्त, वर मडगार्ड आणि दिवाही, पण हँडल वळलेले आणि गिअर दहा. प्यूजोने या वर्गातल्या सायकली पोत्याने विकल्या. अमेरिकेत श्विनने १९६० मध्ये ‘व्हार्सिटी’ आणली. शिकागोत बनलेली, अभेद्य, आणि वजनाला सतरा-अठरा किलो! म्हणजे मडगार्ड काढलेली आपली ॲटलास तिच्या तुलनेत फार जड नव्हती. तरी अमेरिकेच्या एका अख्ख्या पिढीची ती पहिली रोड बाइक ठरली, कारण ती गावातल्या दुकानात, मुलाच्या वाढदिवसाला बापाला परवडेल अशा किमतीत मिळत होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे दहा गिअरच्या सायकलींची लाट आली आणि १९७३ मध्ये एका वर्षात सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या.

ती लाट भागवायला अमेरिकी कारखाने पुरे पडेनात, आणि जपानचे दार उघडले. ओसाकाजवळच्या साकाई गावात १९२१ पासून फ्रीव्हील बनवणारी शिमानो, आणि सनटूर, यांनी स्वस्तातला गिअर नुसता चालणारा नव्हे तर नीट चालणारा करून दाखवला. शिमानोने १९८४ मध्ये खटक्यावर गिअर बदलण्याची पद्धत आपल्या सर्वांत महागड्या मालिकेत आणली. पुढच्या काही वर्षांत ती स्वस्त मालिकांत झिरपली. १९७२ मध्ये तैवानात सुरू झालेली जायंट आधी दुसऱ्यांसाठी सायकली बनवत असे. १९८० मध्ये श्विनच्या शिकागोच्या कारखान्यात संप झाला आणि ते काम जायंटकडे गेले. आज जगात कुठेही कमी पैशात मिळणारी पहिली रोड बाइक या दोन घटनांची लेक आहे: महागातले तंत्र दर काही वर्षांनी एक पायरी खाली उतरते, आणि फ्रेम तैवान-चीनमध्ये लाखांनी बनते.

भारत या साऱ्याच्या बाहेर राहिला. इथे १९७२ मध्ये आली ती लूना. कायनेटिकच्या या पन्नास सीसीच्या गाडीला पायडलही होते. ज्या तरुणाला, मास्तरांना, कारकुनाला घाम न गाळता जरा लवकर पोचायचे होते, तो तिच्यावर गेला. मग स्कूटरवर, मग मोटरसायकलवर. मध्यमवर्गाला वेग परवडू लागला तो पेट्रोलचा. सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकल हळूहळू रस्त्याच्या कडेला आणि मग जिन्याखाली गेली. ती कशी होती हे पाहायचे तर आता कर्वेनगरातल्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जावे लागते. वरळीच्या हिंद सायकल्सचे आणि आसनसोलच्या सेन-रॅलेचे १९८० मध्ये खास कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले. पण तोवर त्या कारखान्यांत नवे काही घडण्याचे दिवस सरले होते.

कारखान्यांनी तरुणांसाठी काहीच केले नाही असे नाही. बी.एस.ए.ची एस.एल.आर. ही हलकी, २६ इंची सायकल कॉलेजच्या मुलांत आवडती होती. हिरोची ‘हॉक’ तर चक्क वळलेल्या हँडलची. ती रंगीत होती, ऐटबाज होती, पण साध्या पोलादाची आणि एकाच गिअरची. रेसरचा सांगाडा नाही, रेसरचे कपडे मात्र होते. तरीही तिची चेष्टा करणे अन्यायाचे होईल. तालुक्याच्या गावात पाच हजारांच्या आत वळलेल्या हँडलची सायकल मिळत होती ती हीच, आणि शालेय स्पर्धांपासून ग्रामीण शर्यतींपर्यंत कितीतरी पोरांनी तिच्यावरच घाम गाळला.

चित्र पालटले ते २००५ नंतर. फायरफॉक्ससारख्या कंपनीने शहरांत गिअरच्या सायकलींची दुकाने काढली. पुढे २०१५ मध्ये हिरोने तीच विकत घेतली. फ्रेंच डेकॅथलॉनने २००९ मध्ये बंगळुरूत पाय ठेवला. तिच्या ट्रायबान मालिकेतल्या सुरुवातीच्या सायकलने पहिल्यांदाच असे झाले, की दुकानात जाऊन, टांग मारून, चक्कर मारून पाहून, अॅल्युमिनियमच्या फ्रेमची आणि गिअरची रोड बाइक मध्यम पगाराच्या माणसाला घेता येऊ लागली. पुढच्या चाकाचा चिमटा पोलादी, मागे सात गिअर, वजन दहा-अकरा किलोच्या घरात. शिमानोची सात गिअरची स्वस्त मालिका आणि तैवान-चीनमधली फ्रेम, यांचा एकत्र आलेला हा परिणाम. एवढ्या वजनाची सायकल १९४८ च्या ऑलिम्पिकला गेलेल्या खेळाडूलाही आवडली असती.

तिच्यासोबत नवा स्वारही आला. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतला अधिकारी, चाळिशीला आलेला. त्याला शर्यत जिंकायची नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात, कारण ‘ब्रेव्हे’ या फ्रेंच पद्धतीच्या लांब पल्ल्याच्या राइडला तेवढी मुदत असते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. त्यानंतर मराठी शहरांत रोड बाइकची चौकशी डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेरही होऊ लागली.

पण ‘कमी पैसे’ म्हणजे किती, हे ठरवताना पहिल्यांदा घेणारा अजून फसतो, आणि तोही जुन्याच कारणाने. काळी सायकल आजही पाच-सात हजारांत मिळते. गिअरची साधीशी रोड बाइक पंचवीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान सुरू होते. तेवढे जमवून सायकल घरी आली की पुढचा खर्च दिसू लागतो. हेल्मेट, दिवे, पंप, जास्तीच्या ट्यूब. शिवाय पुण्या-मुंबईबाहेर पडले की कळते, की रस्त्याकडेचा सगळा देश अजून रोडस्टरसाठी मांडलेला आहे. रोड बाइकच्या टायरवर युरोपातले काही कारखाने २८ छापतात आणि काळ्या सायकलच्या टायरवरही २८ च असते. प्रत्यक्षात पहिल्याची रिम ६२२ मिलिमीटर व्यासाची आणि दुसऱ्याची ६३५ ची. तेरा मिलिमीटरचा फरक, पण टायर चढत नाही म्हणजे नाही. जुन्या इंग्रजी रेसरची २७ इंची रिम आणखी तिसरी, ६३० ची. हौसेने जुनी सायकल घेणाऱ्यांना टायरसाठी दुकाने पालथी घालावी लागतात ती याच्यामुळे.

म्हणून जुनी-नवी कोणतीही घेताना जाणता मिस्त्री आधी रंग आणि गिअर पाहत नाही. तो रिमवरचा आकडा वाचतो. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवून पाहतो, सायकल बोटभर उचलून जमिनीवर सोडतो आणि कुठे खडखड वाजते ते ऐकतो. मग गिऱ्हाइकाला नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे करतो. फ्रेम मोठी असेल तर तिथेच नको म्हणतो, स्वस्त मिळत असली तरी. कारण सीट आणि हँडल वर-खाली करता येतात, फ्रेम कापून लहान करता येत नाही.

राहिला व्हॉल्व्ह. काळ्या सायकलच्या ट्यूबला जाड, रबरी वॉलट्यूबचा व्हॉल्व्ह; महाराष्ट्रातल्या प्रत्येक पंक्चरवाल्याचा पंप त्याच्यासाठीच असतो, आणि हवा पुरे झाली की नाही हे तो अंगठ्याने दाबून सांगतो. रोड बाइकचा व्हॉल्व्ह पेन्सिलीच्या टोकाएवढा, वर इवलासा नट, आणि टायरला हवा लागते जवळपास दुप्पट दाबाची. माळशेजच्या पायथ्याशी किंवा वाईच्या पुढे पंक्चर काढून घेतलेल्या कितीजणांना पंक्चर निघाल्यावर हवा कशी भरायची हा प्रश्न पडलेला आहे. त्यासाठी पितळेची एक छोटी टोपी मिळते, अडॅप्टर म्हणून. तीस-चाळीस हजारांच्या यादीत तिचे नाव सहसा नसते. किंमत एका वडापावच्या आसपास, आणि ती सीटखालच्या पिशवीत दोन ठेवाव्यात, कारण एक पंक्चरवाल्याकडेच राहते.